भिंतींना फुटलेले कान

'भिंतीलाही कान असतात' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी सावधगिरीचा इशारा म्हणून योजली होती. घरातील गोष्ट दाराबाहेर जाऊ नये, बोलताना आजूबाजूचे भान राखावे, एवढाच तिचा अर्थ. गेल्या काही वर्षांत मात्र ही म्हण शब्दशः खरी ठरू लागली आहे. दिवाणखान्यातील टीव्ही, खिशातील मोबाईल, मनगटावरील घड्याळ, मोटारीतील नकाशा आणि फळीवर ठेवलेला छोटासा स्पीकर ही सारी यंत्रे आता माणसाचा शब्द ऐकून कामाला लागतात. 'दिवा लाव', 'गाणे थांबव', 'पहाटे पाच वाजता उठव' असे म्हणावयाचा अवकाश, की आज्ञा अमलात येते. बटण दाबणे नको, अक्षरे शोधणे नको, चष्माही नको.

या सोयीचे स्वागत करावे, की तिच्याकडे संशयाने पाहावे? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शब्द ऐकून कामाला लागणाऱ्या यंत्राला सतत कान उघडे ठेवावे लागतात. आणि आपली भाषा त्याला कळावी असे वाटत असेल, तर आपला आवाज कोणीतरी त्याला शिकवावाच लागतो. एका बाजूला घराचा खासगीपणा आणि दुसऱ्या बाजूला आपल्या बोलीचे भवितव्य, अशा दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी पणाला लागलेल्या आहेत.

सत्तर वर्षांची वाटचाल

माणसाचे बोलणे यंत्राला समजावे, ही आकांक्षा जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ मध्ये 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार केले. त्याला शून्य ते नऊ हे दहा आकडे ओळखता येत. तेही परिचित आवाजात आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबून उच्चारले तरच. आयबीएम या कंपनीने १९६२ च्या सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात 'शूबॉक्स' हे यंत्र मांडले. त्याची शब्दसंपत्ती होती अवघी सोळा शब्दांची: दहा आकडे आणि बेरीज-वजाबाकीसारख्या सहा आज्ञा.

पुढच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्थसाह्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेल्या संशोधनातून सुमारे हजार शब्द ओळखणारी 'हार्पी' ही प्रणाली उभी राहिली. तेथील या विषयाचे अध्वर्यू होते आंध्र प्रदेशात जन्मलेले डॉ. राज रेड्डी. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९९४ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासमवेत देण्यात आला.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान सामान्य माणसाच्या हातात आले ते २०११ मध्ये, ॲपलच्या आयफोनमधील 'सिरी'च्या रूपाने. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने 'एको' हा स्पीकर बाजारात आणला आणि 'अलेक्सा' हे नाव घरोघरी पोहोचले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो भारतात आला. एप्रिल २०१८ मध्ये गूगलचा स्पीकरही आला. ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलच्या सहायकाला मराठी येऊ लागली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'जेमिनाय लाइव्ह' या संभाषण करणाऱ्या नव्या प्रणालीत हिंदीबरोबर मराठीसह आठ भारतीय भाषांचा समावेश जाहीर झाला. ज्या क्षेत्रात दहा आकड्यांपासून हजार शब्दांपर्यंत जाण्यास दोन तपे लागली, तेथे आज संपूर्ण वाक्य, त्यातील हेतू आणि मागील प्रश्नाचा संदर्भ ध्यानात घेणारी यंत्रे आली आहेत.

यंत्र ऐकते म्हणजे काय करते?

येथे थोडे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. कारण भीती आणि भाबडेपणा हे दोन्ही अज्ञानातूनच उपजतात. अशा स्पीकरमध्ये अनेक मायक्रोफोन बसविलेले असतात. आजूबाजूच्या ध्वनीचे अगदी थोडे क्षण ते स्वतःपाशी घेतात, त्यात आपले हाकेचे नाव आहे का हे तपासतात आणि नसल्यास ते क्षण पुसून टाकतात. हे काम यंत्राच्या आतच चालते. हाकेचे नाव ऐकू आले, की त्यापुढील बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. तेथे ध्वनीचे शब्द होतात, शब्दांतून हेतू शोधला जातो आणि उत्तर परत येते. अलीकडे काही उपकरणे साध्या आज्ञा आपल्या आपणच समजून घेतात. परंतु बहुतेक अवघड कामे आजही घराबाहेरच होतात.

म्हणजे 'हे यंत्र चोवीस तास आपले सारे बोलणे बाहेर पाठविते' असे म्हणणे चूक आहे. त्याचप्रमाणे 'हाक मारल्याशिवाय ते काहीच ऐकत नाही' असे म्हणणेही चूक आहे. ते ऐकते आणि विसरते. मात्र त्याचा गैरसमज झाला, म्हणजे हाकेच्या नावासारखा एखादा शब्द कानी पडला, की न बोलाविताच ते जागे होते. खरा धोका या गैरसमजाच्या क्षणी सुरू होतो.

ज्यांच्यासाठी ही गरज आहे

धोक्यांचा विचार करण्यापूर्वी या तंत्राचे उपकारही प्रांजळपणे नोंदविले पाहिजेत. धडधाकट, सुशिक्षित माणसाला 'दिवा लाव' म्हणणे ही चैन वाटेल. परंतु ज्यांची दृष्टी गेली आहे, संधिवाताने ज्यांची बोटे आखडली आहेत, पक्षाघाताने जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी तेच दोन शब्द स्वावलंबनाचे ठरतात. कोणाला हाक न मारता वेळ विचारता येणे, स्वतःच्या मुलाला स्वतःच फोन लावता येणे, यात माणसाचा स्वाभिमान आहे. मुले परदेशी गेल्यामुळे एकाकी झालेल्या वृद्ध मातापित्यांना त्याचे मोल अधिक कळते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बोलता येतेच; लिहिण्या-वाचण्याच्या उंबरठ्यावर अडलेले ज्ञान त्याला आवाजाच्या वाटेने मिळू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविण्याची अट दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा होरपळलेल्या व्यक्तींना बँकेपासून दूर ठेवते, हा त्या खटल्यातील मुद्दा होता. यंत्र माणसाच्या सोयीने घडले पाहिजे, माणसाने यंत्राच्या सोयीने घडावे हे न्याय्य नव्हे, असाच त्या निकालाचा मथितार्थ आहे. आवाजावर चालणाऱ्या यंत्रांनाही हाच निकष लावावयास हवा.

उघड्या कानाची किंमत

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील एका लहान मुलीने अलेक्साकडून बाहुलीघर मागविल्याची बातमी सॅन दिएगो येथील दूरचित्रवाहिनीने दिली. निवेदकाने ते वाक्य उच्चारताच प्रेक्षकांच्या घरांतील यंत्रेही जागी होऊन तशीच मागणी नोंदवू लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका बर्गर कंपनीने घरातील गूगल स्पीकर मुद्दाम जागा होईल अशीच जाहिरात केली. या गोष्टी हसण्यावारी नेता येतील. मे २०१८ मध्ये उजेडात आलेली घटना तशी नेता येत नाही. ओरेगॉन राज्यातील एका दांपत्याचे घरातील संभाषण त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्या परिचयातील एका व्यक्तीकडे परस्पर पाठविले गेले. यंत्राने संभाषणातील शब्द एकापाठोपाठ एक आज्ञा समजून ऐकल्यामुळे असे घडले, असा खुलासा ॲमेझॉनने केला.

२०१९ हे वर्ष या बाबतीत डोळे उघडणारे ठरले. एप्रिल ते जुलै या काळात ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांविषयी एकामागून एक वृत्ते प्रसिद्ध झाली. यंत्राचे ऐकणे सुधारावे म्हणून ग्राहकांच्या ध्वनिमुद्रणांचा काही भाग माणसे बसून ऐकत होती, आणि त्यांत चुकून मुद्रित झालेले अत्यंत खासगी प्रसंगही होते. यंत्राशी बोलत आहोत असे समजणारे लोक प्रत्यक्षात अनोळखी माणसांच्याही कानी पडत होते. ॲपलने त्याच वर्षी क्षमा मागून आपली पद्धत बदलली. या प्रकरणातील दाव्यात जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करण्याचे मान्य केले, मात्र गैरकृत्याचा आरोप नाकारला.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जर्मनीच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली आणि पालकांना ती निकामी करण्यास सांगितले. बाहेरील कोणीही त्या बाहुलीशी जोडून घेऊन मुलाचे बोलणे ऐकू शकतो, म्हणून ती छुपे ध्वनिक्षेपण यंत्रच ठरते, असा तिचा निर्वाळा होता. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मुलांची ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ साठविल्याचा आणि पालकांनी सांगूनही ती पूर्णपणे न पुसल्याचा ठपका ॲमेझॉनवर ठेवला. कंपनीने आरोप अमान्य करीत अडीच कोटी डॉलरचा दंड भरण्यास संमती दिली. पुढे मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेतील काही उपकरणांवर असलेला 'माझा आवाज बाहेर पाठवू नका' हा पर्यायही त्या कंपनीने काढून टाकला. नव्या, अधिक हुशार अलेक्साला दूरच्या संगणकांचे बळ लागते, हे त्याचे कारण. हुशारी वाढते तशी आवाजाची भूकही वाढते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. आवाज बदलता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करणारी प्रणाली दाखविली. नातवाच्या आवाजात आलेला 'आजी, तातडीने पैसे पाठव' हा फोन नातवाचाच असेल, ही खात्री आता उरलेली नाही.

कोणाची बोली यंत्राला कळते?

खासगीपणाची चर्चा बरीच होते. भाषेच्या न्यायाची फारशी होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात दर शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका करणाऱ्या या प्रणाली कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५ चुका करीत होत्या. देश एकच, भाषाही इंग्रजीच. तरी ज्यांच्या बोलण्याचे नमुने यंत्राला कमी मिळाले, त्यांना ते कमी समजले. यंत्राच्या मनात द्वेष नसतो. परंतु ज्यांना वगळून त्याला शिकविले जाते, त्यांच्या बाबतीत त्याचे वर्तन द्वेषासारखेच भासते.

हे आपल्याला लागू होत नाही काय? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. तिला बाजारपेठ आहे, वृत्तपत्रे आहेत, ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात भाषेचा दर्जाही आहे. तिच्यासाठी कंपन्या आल्या आणि येतील. परंतु मराठी एकाच सुरात बोलली जात नाही. खानदेशातील अहिराणी, विदर्भातील वऱ्हाडी, सिंधुदुर्गातील मालवणी यांचा बाज निराळा. आपल्या वसईत तर एका गावाच्या अंतरावर बोली बदलते. सामवेदी म्हणजेच कादोडी आणि वाडवळी यांची क्रियापदे, हेल आणि शब्द पुस्तकी मराठीहून वेगळे आहेत. कोकणीला १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान आहे; या बोलींना तसा कोणताही आधार नाही.

मग काय घडते? यंत्राला कळावे म्हणून माणूस आपले बोलणे बदलतो. आजीची बोली नातवाच्या कानावर पडते ती घरात. आणि त्याच घरात जर प्रत्येक आज्ञा प्रमाण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागली, तर मूल नकळत हे शिकते की कामाची भाषा वेगळी आणि आजीची भाषा बिनकामाची. शाळेने, नोकरीने, शहराने बोलींना मागे रेटले. आता स्वयंपाकघरही त्यांना परके होऊ लागले, तर त्यांनी जावे कोठे?

मागितलेला आवाज आणि घेतलेला आवाज

येथे खरा पेच उभा राहतो. आवाज जपून ठेवला तर यंत्राला आपली बोली कधीच कळणार नाही. आवाज मोकळा सोडला तर घराची लाज राहणार नाही. या पेचातून मार्ग आहे, आणि तो 'विचारणे' या साध्या शब्दात आहे.

मोझिला या संस्थेने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' हा उपक्रम सुरू केला. त्यात लोक स्वेच्छेने, ठरावीक वाक्ये वाचून आपला आवाज देतात आणि तो संग्रह सर्वांसाठी खुला राहतो. मराठीचाही त्यात समावेश आहे. भारत सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पाचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये झाले. त्यातील 'भाषादान' या उपक्रमातही नागरिक अनुसूचित भाषांतील वाक्ये वाचून देऊ शकतात. या दोन्ही ठिकाणी माणसाला ठाऊक असते की आपण काय देत आहोत आणि कशासाठी. रक्तपेढीत जाऊन केलेले रक्तदान आणि झोपेत काढून घेतलेले रक्त यांत जो फरक आहे, तोच दान केलेला आवाज आणि नकळत मुद्रित झालेला आवाज यांत आहे. रक्त तेच, संमतीने त्याचा अर्थ बदलतो.

म्हणून बोलींच्या बाबतीत वाट पाहत बसण्यापेक्षा समाजाने स्वतः पुढे होणे श्रेयस्कर. गावातील वृद्धांच्या तोंडच्या गोष्टी, शेतीचे आणि मासेमारीचे शब्द, लग्नातील गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवता येतील. ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर वापरावे हे समाजालाच ठरविता येईल. अशा संग्रहातून उद्या यंत्राला कादोडी कळली नाही तरी आपल्या नातवंडांना ती ऐकता येईल.

कायदा आणि घरची शिस्त

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील प्रमुख बंधने टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. संमती मोकळी, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली असावी, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती असावी, असे हा कायदा म्हणतो. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध असली पाहिजे, ही त्यातील तरतूद प्रत्येक मराठी ग्राहकाने ध्यानात ठेवावी आणि मागून घ्यावी. या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही केंद्र सरकारसाठी ठेवलेली आहे, ही मात्र त्याची मोठी उणीव होय.

आणखी एक मर्यादा आहे. घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू नाही. म्हणजे आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणारी बाई, शिकवणीला येणारी शेजारची मुले, मन मोकळे करण्यासाठी आलेली मैत्रीण यांचा आवाज आपल्या यंत्राने टिपला, तर त्यांना सांगण्याचे बंधन आपल्यावर कायद्याने येत नाही. ते सौजन्याने येते. ज्या खोलीत माणसे दुःख सांगतात, त्या खोलीतील यंत्राचा मायक्रोफोन बंद असावा. बहुतेक स्पीकरवर त्यासाठी बटण असते. साठलेली ध्वनिमुद्रणे पाहण्याची आणि पुसण्याची सोय कंपनीच्या ॲपमध्ये शोधावी, आवाजावरून होणाऱ्या खरेदीला गुप्त अंक लावावा, मुलांच्या झोपण्याच्या खोलीत असे यंत्र ठेवू नये. पैशांसाठी आलेल्या फोनवर आवाज ओळखीचा वाटला तरी आपण स्वतः उलट फोन करून खात्री करावी.

मुलांच्या वळणाचाही विचार व्हावा. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाने दाखवून दिले, की बहुतेक सहायकांना स्त्रीचा आवाज आणि आज्ञाधारक स्वभाव दिल्यामुळे स्त्रीने निमूट सेवा करावी हा जुना समज नव्याने रुजतो. मराठीत तर हे अधिकच जाणवते. कारण आपल्या भाषेत 'लाव' आणि 'लावा' यांतच माणसाची किंमत व्यक्त होते. दिवसभर यंत्राला 'हे कर, ते बंद कर' असे सुनावणारे मूल तोच सूर घरकामाला येणाऱ्या मावशींशी वापरू लागले, तर दोष यंत्राला देता येणार नाही.

कान कोणाचे, घर कोणाचे

आवाजावर चालणारी यंत्रे आता परत जाणार नाहीत, आणि अंध, अपंग, वृद्ध बांधवांचा विचार करता ती जाऊही नयेत. प्रश्न उरतो तो अटींचा. त्या अटी आजवर दूरदेशीच्या कंपन्यांनी ठरविल्या आणि आपण 'मान्य आहे' या चौकटीत न वाचताच खूण केली. आता कायद्याने आपल्या हाती थोडे बळ दिले आहे आणि भाषेनेही आपल्याकडे मागणी केली आहे. ज्याला आपला आवाज हवा असेल त्याने तो मागावा, कारण सांगावे, आपल्या भाषेत सांगावे. आणि नाही म्हणण्याचा आपला अधिकार मान्य करावा. भिंतींना कान फुटले असले, तरी ते केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे ठरविण्याचा मान त्या भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसांचा आहे, आणि तो त्यांनी सोडता कामा नये.